पाणी वापर संस्थेचे पहिले भांडवल

नवी सार्वजनिक संस्था स्थापन करताना तिचे उद्देश, नियम व पदाधिकारी यांचा पुष्कळ विचार होतो. पहिल्या वर्षी तिच्या नोकराचा पगार कोठून निघणार, हा प्रश्न मात्र मागे राहतो. किनाऱ्यावरील बंदरांसाठी 1996 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळास बंदर-शुल्काचे स्वतःचे उत्पन्न आहे. आपल्या चारीवरील पाणी वापर संस्थेच्या हाती पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी असे काहीच नसते, आणि तेथेच ती अडते.

शिरूर तालुक्यात चासकमान व घोड धरणांचे, तर दौंड तालुक्यात खडकवासल्याहून येणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी फिरते. 2005 च्या अधिनियमानुसार संस्थेस पाणी मोजून मिळते आणि सभासदांत त्याचे वाटप करून पट्टी वसूल करण्याचे काम तिच्याकडे येते. त्यासाठी पाटकरी हवा, हिशेबनीस हवा. पाटकऱ्याविना चारीच्या शेवटच्या शेतकऱ्यास पाणी पोहोचत नाही, हे ग्रामसेवक बंधूंस निराळे सांगावयास नको.

सरकारी अनुदान मिळाले की भागेल, अशी पुष्कळांची समजूत आढळते. तिचा हिशेब करून पाहावा. 2004 साली सुधारलेल्या लाभक्षेत्र विकास कार्यक्रमात संस्थेसाठी हेक्टरी 600 रुपयांचे एकवेळचे अनुदान ठरले होते. त्यात केंद्राचे 270, राज्याचे 270 व शेतकऱ्यांचे 60 रुपये. ही रक्कम ठेवीत ठेवून तिच्या व्याजावर खर्च चालवावा, अशी ती योजना. 400 हेक्टरांच्या संस्थेस 2,40,000 रुपये झाले. शेकडा 7 दराने व्याज धरल्यास वर्षास 16,800, म्हणजे महिन्यास 1,400 रुपये! एवढ्यात पाटकरी तर राहोच, त्याच्या सायकलीचा खर्चही जेमतेम निघेल.

पाटकऱ्यास महिना 8,000 रुपये द्यावयाचे म्हटले, तर वर्षास 96,000 लागतात. व्याज वजा जाता उरतात 79,200, म्हणजे हेक्टरी 198 रुपये. ही रक्कम पहिल्या आवर्तनापूर्वीच सभासदांनी भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उसाच्या एका हेक्टराच्या खर्चापुढे ती कितीशी? धुळे भागातील फड पद्धतीत पाटकऱ्याचा मोबदला बागायतदारच देत आले. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे वाघाड प्रकल्पाच्या कालव्यावरील संस्थाही शेतकऱ्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिल्या. पैसा आपला असला म्हणजे सभेस माणसे येतात व हिशेब विचारतात; मला याचे मोल अनुदानापेक्षा अधिक वाटते.

मात्र एका बाबतीत शेतकऱ्यांनी भार उचलू नये. चारीची दुरुस्ती, दारे व पाणी मोजण्याचे साधन ही कामे हस्तांतरणापूर्वी पाटबंधारे खात्याने आपल्या खर्चाने पुरी करावीत. संयुक्त पाहणीच्या वेळी ग्रामसेवकाने चारी शेवटपर्यंत चालून पाहावी आणि उणिवा लिहून घेतल्याखेरीज संस्थेस सही करू देऊ नये. फुटकी चारी ताब्यात आली, की हेक्टरी 198 रुपये पाटकऱ्याच्या हाती न पडता सिमेंटात जातात.