लॅपटॉपला दुसऱ्या मॉडेलची स्क्रीन चालते का?

लॅपटॉपची स्क्रीन फुटली आणि त्याच मॉडेलची मिळेना, तर अहिल्यानगर किंवा संगमनेरच्या ग्राहकापुढे दोनच पर्याय उरतात: नवा लॅपटॉप किंवा दुसऱ्या मॉडेलची स्क्रीन. ती चालते का?

अनेकदा चालते. लॅपटॉपवर नाव कोणाचंही असो, आतलं पॅनेल बहुधा बीओई, एयूओ, इनोलक्स किंवा एलजी डिस्प्लेचं असतं. एकच पॅनेल अनेक मॉडेलमध्ये वापरलं जातं. मात्र आकार, रिझोल्यूशन, कनेक्टरची जागा आणि पिन जुळायला हव्यात. ६० हर्ट्झच्या साध्या फुल एचडी पॅनेलला सहसा ३० पिन असतात. टच किंवा जास्त रिफ्रेश रेटच्या पॅनेलला बहुतेक वेळा ४०. म्हणून जुन्या पॅनेलमागच्या स्टिकरवरचा नंबर बघूनच स्क्रीन मागवावी.

ही माहिती कंपन्यांनीच द्यावी, यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण सुटे भाग विकण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही. मे २०२५ मध्ये सरकारी समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून आहे. लॅपटॉप पहिल्या टप्प्यात नाही. तोवर ग्राहकाच्या हाती आहे तो स्टिकरवरचा नंबरच.