नाव काहीही द्या, कर्ज ते कर्जच!

चार-सहा महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिका आणि नवी नोकरी धरा, असे सांगणाऱ्या शाळा अमेरिकेत २०१२च्या सुमारास निघाल्या. २०१७ साली आलेल्या लॅम्बडा स्कूलने तर फीसुद्धा नोकरी लागल्यावर द्या म्हटले. पगाराचे १७ टक्के, दोन वर्षे, कमाल ३० हजार डॉलर! हे कर्ज नव्हे, असा तिचा दावा. बँकेत उमर घालवलेल्या मला ते कर्जच दिसते. २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानेही ते कर्जच ठरवले आणि शाळेला कर्जव्यवहाराची कायमची मनाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या. शाळेच्या दप्तरात मात्र जेमतेम निम्म्यांना! भरल्या संसारात हातची नोकरी सोडून नवी वाट धरणाऱ्याला धाडस पुरत नाही, खरा आकडाही लागतो. तो आधी मागावा, मगच सही करावी.