चांदीपुरा : पेशीतला पहारेकरी आणि वेळेची शर्यत

नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ साली सापडलेल्या विषाणूने २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये पुन्हा मुलांचे बळी घेतले. हा आरएनए विषाणू. अशा विषाणूंना पेशीतले रिग-आय हे प्रथिन हेरते. ते आरएनएवरचा मजकूर वाचत नाही, टोक चाचपते! आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर रासायनिक टोपी असते. विषाणू भराभर प्रती काढतो तेव्हा काही टोके उघडी राहतात, त्यांवर तीन फॉस्फेट. शेजारी आरएनएचे दोन पदर जुळलेले असले, की प्रथिनाच्या खळग्यात ते टोक चपखल बसते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि इंटरफेरॉनची हाकाटी सुरू होते. विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नाही. आपला आरएनए तो स्वतःच्या प्रथिनात गुंडाळून लपवतो.

यात वेळ जातो. चांदीपुराचा मेंदूज्वर मात्र काही मुलांना एकदोन दिवसांतच गाठतो. लस नाही, नेमके औषधही नाही. म्हणून आमच्या साखरा भागात पावसाळ्यात मुलाला तापासोबत झटका, उलट्या किंवा ग्लानी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. त्या आधीच लिंपून घ्या.