समजून घ्या : टायर ‘गोटा’ झालाय का? पावसाआधी पाच मिनिटांत तपासा

कुर्डुवाडी : आषाढी जवळ आली की कुर्डुवाडीतून पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढते. त्याच सुमारास पाऊसही सुरू होतो. टायरच्या दुकानात मात्र प्रश्न ठरलेला असतो, ‘जास्त किलोमीटर चालणारा टायर कोणता?’ प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे.

आराम, पकड, टिकाऊपणा एकत्र का मिळत नाही?
मऊ रबर रस्ता चांगला धरते, पण लवकर झिजते. कडक रबर जास्त चालते, मात्र ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडू शकते. आरामाचे गणित टायरच्या उंचीत आहे. 185/65 आर 15 म्हणजे रुंदी 185 मिमी आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 65 टक्के, सुमारे 120 मिमी. हौसेने मोठे अलॉय लावले की ही भिंत कमी होते आणि खड्डा थेट कमरेला कळतो.

एकाच टायरबद्दल चालकांचे अनुभव वेगळे का?
कारण झीज फक्त कंपनीवर ठरत नाही. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात. जास्त असेल तर मधला भाग झिजतो. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट बिघडल्याची शक्यता जास्त.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी?
नाही. हा गैरसमज महागात पडतो. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, त्यामुळे आतून तापतो आणि वेगात फुटू शकतो. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकडाच पाळा. हवा टायर थंड असताना तपासा.

‘समृद्धी’ने काय शिकवले?
नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी 120 किमी. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशावरच टायर तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या. गावात निभावणारा टायर सलग वेगात निभावेलच असे नाही. टेंभुर्णीहून पुणे-सोलापूर महामार्गाला लागणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

टायर बदलायचा कधी?
नियमानुसार कारच्या टायरच्या खाचा किमान 1.6 मिमी खोल हव्यात. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ किंवा त्रिकोणाची खूण त्यांची जागा दाखवते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर बदलायलाच हवा. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडत नाही. मग गाडी पाण्याच्या थरावर तरंगते आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही ऐकत नाहीत.

निघण्यापूर्वी तपासा
• स्टेपनीसह पाचही टायरची हवा
• खाचांची खोली, बाजूचे फुगे आणि चिरा
• टायरचे वय : बाजूच्या कोडमधील ‘2319’ म्हणजे 2019 मधील 23वा आठवडा
• दर 10 हजार किमीच्या आसपास टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट

प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. घरची पाच माणसे बसलेली गाडी ब्रेक दाबल्यावर थांबते, ती अशा चार तळहातांच्या भरवशावर. नवा टायर घेताना किलोमीटर जरूर विचारा, पण त्याआधी ओल्या रस्त्यावरची पकड विचारा.