विंचवाची कळ, कंबरेची चमक आणि वेदनाशामकाची नवी गोळी : वेदना नेमकी अडवायची कुठे?

शाहूवाडी : आंबा घाटाच्या अलीकडे शाहूवाडी तालुक्यात आणि घाट उतरून खाली कोकणात विंचू हा काही नवा पाहुणा नाही. पिंजराची गंजी, जळणाचा ढीग, जोत्याच्या दगडांमधली फट, तो कुठंही भेटतो. नांगी लागली की काही क्षणांत कळ मस्तकात जाते. ही कळ शरीरात जिथून सुरू होते, त्या ठिकाणाशी संबंधित एका औषधाला अमेरिकेच्या एफडीएने ३० जानेवारी २०२५ रोजी मंजुरी दिली. औषधाचं नाव सुझेट्रिजिन. अनेक वर्षांनंतर वेदनाशामकांचा एक पूर्णपणे नवा वर्ग बाजारात आला. मग भात लावून कंबर धरलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे का? थेट उत्तर द्यायचं तर अजून तरी नाही. का नाही, हे समजण्यासाठी आधी कळ म्हणजे काय ते पाहू.

नांगी लागते बोटाला, मग कळतं कसं?

आपल्या नसांच्या पेशींवर सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत घुसतात आणि विजेची एक लाट नसेतून पुढे सरकते. (इंजिनीअरिंगला शिकलेल्या सर्किटपेक्षा हे वेगळं आहे. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, इथे दारं एकामागून एक उघडत जातात.) विंचवाचं विष हीच दारं नीट बंद होऊ देत नाही. त्यामुळे नस थांबायचं नावच घेत नाही.

लाल विंचू आकाराने लहान, पण मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा जास्त घातक. त्याच्या विषाने शरीरात रसायनांचं असं वादळ उठतं की दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात आणि शेवटी हृदय व फुप्फुसं हार मानतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ते जगापुढे मांडलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, ते प्रमाण नगण्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन जीव वाचवतं, कळ मात्र थांबवत नाही. कळ थांबवायची तर ती दारंच गाठावी लागतात.

मग ती दारं बंद का करत नाहीत?

करतो की. दात काढताना डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते लिग्नोकेन हेच काम करतं. अडचण अशी की या दारांचे नऊ प्रकार आहेत आणि लिग्नोकेन त्यांच्यात फारसा भेद करत नाही. जबड्यापुरतं ठीक, पण तेवढाच परिणाम अंगभर झाला तर मेंदू आणि हृदयही बंद पडेल.

म्हणून शोध सुरू झाला तो फक्त वेदनेच्या नसांवरच्या दाराचा. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ दाखवायचा. हातात सुरे खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना कळतच नव्हत्या. छतावरून उडी मारून तो चौदाव्या वाढदिवसाआधीच गेला. या कुटुंबांत १.७ क्रमांकाचं दार जन्मापासून निकामी होतं. औषध कंपन्या त्याच्या मागे लागल्या, पण बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही.

यश मिळालं ते शेजारच्या १.८ क्रमांकाच्या दारावर. गंमत म्हणजे निसर्गाने ही युक्ती आधीच वापरली होती. अमेरिकेच्या वाळवंटातला एक उंदीर तिथला विषारी विंचू सहज मटकावतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’मधल्या अभ्यासातून कळलं की विंचवाचं विष त्या उंदराच्या १.८ दाराला चिकटतं आणि दार उघडण्याऐवजी बंद होतं. म्हणजे विषच त्याचं पेनकिलर. सुझेट्रिजिनही हेच दार बंद करतं. ते मुख्यतः मेंदूबाहेरच्या, वेदना वाहून नेणाऱ्या नसांवर असल्याने गुंगी किंवा व्यसनाची भीती दिसत नाही.

आपण आत्ता घेतो त्या गोळ्या काय करतात?

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या नसेला हात लावत नाहीत. दुखावलेल्या जागी तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन त्या रोखतात. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी अॅस्पिरिनच्या बाबतीत हे दाखवून दिलं, त्याबद्दल १९८२ मध्ये नोबेलही मिळालं. पण हेच रसायन जठराच्या अस्तराचं रक्षण करतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतं. दिवसभर उन्हात ऊस तोडून, पाणी कमी पिऊन, वर रोज दोन गोळ्या घेतल्या तर मार बसतो तो मूत्रपिंडाला. गिधाडं आठवा. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद करावं लागलं. माणसाला गिधाडाइतका धोका नाही, पण धडा तोच.

निमेसुलाइड यकृतालाही बाधू शकतं. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते २०११ मध्येच बंद झालं. २०२५ च्या डिसेंबरअखेर केंद्राने १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या गोळ्यांवरही बंदी घातली. नेहमीची १०० ची गोळी मात्र दुकानात आहेच.

मॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधं तिसऱ्या वाटेने जातात. ती मज्जारज्जू आणि मेंदूतच संदेश दाबतात. जास्त झाली तर श्वास मंदावतो, सवयही लागते. अमेरिकेला बिनव्यसनाची गोळी हवी होती ती यामुळेच. आपल्याकडचं दुखणं उलट आहे. अफूची अधिकृत शेती भारतात होते, तरी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या अनेक रुग्णांना मॉर्फिन मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या अटी २०१४ मध्ये सैल झाल्या, तरीही.

मग कंबरेचं काय?

मराठीत दुखण्याला कितीतरी शब्द आहेत : ठणका, ठसठस, आग, चमक, उसण. डॉक्टरांच्या दृष्टीने ही नुसती शब्दांची श्रीमंती नाही. गळवाचा ठणका सुजेतून येतो, पायात उतरणारी चमक दबलेल्या नसेतून. दोन्हींवर एकच गोळी चालेल असं नाही.

सुझेट्रिजिनची परीक्षा झाली ती पोट आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियांनंतरच्या ताज्या वेदनेवर, सुमारे एक-एक हजार रुग्णांच्या दोन चाचण्यांत. तिथे ते बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं, पण अफूवर्गीय औषध आणि पॅरासिटामॉलच्या एकत्रित गोळीपेक्षा नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावरच्या चाचणीत तर औषध घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. जुन्या दुखण्यात मज्जारज्जू आणि मेंदूही संवेदनशील झालेले असतात. बाहेरचं दार बंद करून आतला गोंगाट थांबेलच असं नाही.

खोट्या गोळीने आराम पडतो म्हणजे दुखणं खोटं, असा अर्थ कृपया काढू नका. बरं वाटेल या अपेक्षेनेच मेंदू स्वतःची मॉर्फिनसारखी रसायनं सोडतो. मांत्रिकाने विंचू ‘उतरवला’ असं वाटतं त्यात याचा वाटा असावा. बहुतेक दंशांची कळ काही तासांनी आपोआप कमी होते, हेही आहेच. पण घाम, उलट्या किंवा गार हातपाय दिसले, विशेषतः लहान मुलात, तर मांत्रिकाकडे गेलेला एक तासही महागात पडतो.

किंमतही पाहा. अमेरिकेत एका गोळीला साडेपंधरा डॉलर, म्हणजे तेराशे रुपयांहून जास्त. दिवसाला दोन.

तोवर मेडिकलमधून ‘अंगदुखीची पुडी’ न मागता पाकिटावरचं औषधाचं नाव वाचलेलं बरं. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शंका असेल किंवा साप चावला असेल, तर अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळा, कारण रक्तस्राव वाढू शकतो. अशा वेळी डॉक्टर सहसा पॅरासिटामॉलच देतात.

मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या रुग्णांवर सुझेट्रिजिनची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी हाती घेण्यात आली आहे. ही वेदना बाहेरच्या नसांतूनच सुरू होते, आणि १.८ क्रमांकाचं दार असतं ते तिथेच. गावागावांत मधुमेह पोहोचलेल्या आपल्या भागासाठी लक्ष ठेवण्यासारखा निकाल आहे तो हा.