थांबलेल्यांचा रकाना

२०२२ साली केंद्र शासनाने संसदेत सांगितले की, देशात दर ८३४ लोकांमागे एक डॉक्टर आहे. या आकड्याची घडण पाहण्यासारखी आहे. नोंदवह्यांत ॲलोपॅथीच्या १३,०८,००९ डॉक्टरांची नावे होती. त्यांपैकी ८० टक्के उपलब्ध असल्याचे गृहीत धरले, त्यात ५ लाख ६५ हजार आयुष डॉक्टर मिळवले आणि भागाकार केला. उरलेले अडीच लाखांहून अधिक डॉक्टर वारले, परदेशी गेले, की मुलांसाठी घरी राहिले? शासनापाशी उत्तर नाही. ८० टक्केच का, ७० का नाहीत, हेही गुलदस्तात! विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे लिहिले असते तर मी गुण कापले असते.

दोष आहे तो नोंदवहीच्या रचनेत. महाराष्ट्रात डॉक्टर असो वा परिचारिका, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. केले तर नाव चालू, चुकले तर खंडित. 'मी काही काळ थांबते आहे, माझे नाव राखून ठेवा' असे हक्काने म्हणण्याची रीत आपल्याकडे रुजलेलीच नाही. ब्रिटनमध्ये १६ नोव्हेंबर २००९ पासून डॉक्टरला परवाना सोडूनही नोंदणी राखता येते. शुल्क कमी, मात्र रुग्ण तपासण्यास मनाई. मार्च २०२० मध्ये तेथील परिषदेने अलीकडेच काम सोडलेल्या हजारो डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी दिली. त्यानंतर काही दिवसांतच आपल्या मुख्यमंत्र्यांना निवृत्त परिचारिकांना जाहीर आवाहन करावे लागले. यादी हाताशी असती तर दवंडी कशाला पिटावी लागती?

पण प्रश्न केवळ गणतीचा नव्हे. परिचर्येत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांचे थांबणे हौसेचे नसते. पन्नासहून कमी कामगारांच्या नर्सिंग होमवर पाळणाघराचे कायदेशीर बंधन नाही. रात्रपाळी मात्र चुकत नाही. बाळंतपण, पुढे सासूचे आजारपण. समाजाने टाळलेला हा खर्च ती एकटी सोसते, आणि परतताना दंडही तिनेच भरायचा!

हाताची सवय मोडलेली परिचारिका रुग्णाला धोकादायक ठरेल, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच परतण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात देखरेखीखालील प्रशिक्षण हवे, तेही विद्यावेतनासह. फुकट राबवून घेणे नव्हे.

२०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याखालील नियमांत नाममात्र शुल्काचा हा तिसरा रकाना घालून घेण्याची मागणी परिचारिका संघटनांतील आपल्या साथींनी आता लावून धरावी.