दारूबंदीच्या सभेला निघालेली आगगाडी



म्हैसूरच्या राजवाड्यासमोर रविवारी संध्याकाळी उभं राहिलात तर एक दृश्य हमखास दिसतं. हातात छोटा झेंडा किंवा छत्री उंच धरून एक तरुण मराठीत हाका मारत असतो, "चला, चला, आपली बस पुढच्या गेटला आहे!" मागे आजी-आजोबा, लेकीसुना, कडेवरची पोरं. म्हैसूर-उटी-बंगळूर ही मराठी घरांची जुनी ठरलेली सहल. राहणं, खाणं, गाडी, तिकिटं सगळं एका रकमेत. आपण पैसे भरायचे आणि बॅग उचलायची.

ही सोय घडवणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव आहे ते एका धर्मोपदेशकाचं, आणि तोही खिशात दमडी नसलेला!

थॉमस कुक. २२ नोव्हेंबर १८०८ चा जन्म, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या मेलबर्न गावचा. वडील लहानपणीच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा एका बागेत कामाला लागला, मजुरी दिवसाला एक पेनी. मग लाकूडकाम शिकला, छापखान्यात राबला. घरचं वातावरण बाप्टिस्ट पंथाचं, आणि १८२८ मध्ये त्याला गावोगाव फिरून धर्मोपदेश करण्याचं काम मिळालं. पगार वर्षाला ३६ पौंड. त्यात घोडागाडी कुठली परवडणार? १८२९ या एका वर्षात त्याने २,६९२ मैल प्रवास केला, आणि त्यातले २,१०६ मैल पायी! किलोमीटरमध्ये सुमारे ३,४०० होतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर एका वर्षात तेरा-चौदा वेळा चालायचं असं समजा.

पुढे मंडळींकडचा निधी आटला आणि उपदेशकाची नोकरी गेली. त्यामुळे कुक पुन्हा लाकूडकामाकडे वळला. पण उपदेशकाची जीभ आणि तळमळ तशीच राहिली. आता त्याचा विषय होता दारू. कारखान्यांच्या त्या काळात मजुराचा आठवड्याचा पगार शनिवारी रात्री गुत्त्यात जायचा आणि घरी बायकापोरं उपाशी राहायची. हे चित्र आपल्याकडे आजही परकं नाही. कुक दारूबंदीच्या चळवळीत शिरला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

९ जून १८४१. मार्केट हार्बरो गावाहून लेस्टरला दारूबंदीच्या सभेला तो निघाला होता. सुमारे चोवीस किलोमीटर, अर्थातच पायी. वाटेत त्याच्या मनात आलं, नवी आगगाडी आली आहे तर तिचा उपयोग या कामाला का करू नये? सभेत त्याने सुचवलं की पुढच्या मेळाव्याला खास गाडी ठरवून जाऊ या. लोकांना पटलं, रेल्वे कंपनीही तयार झाली. ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लॉबरोला गेली आणि रात्री परत आली. जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. बहुतेक डबे बिनछपराचे, बसलेल्यांच्या कपड्यांवर कोळशाची भुकटी. पण सोबत बँड होता, तिकडे चहा होता, खेळ होते, आणि भाषणं तर होतीच. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलेली माणसं त्यात कितीतरी असतील.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. ही जगातली पहिली खास सहल-गाडी होती असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. इंग्लंडमध्ये आधीही अशा गाड्या सुटल्या होत्या. कुकचं वेगळेपण पुढे आहे. १८४५ मध्ये त्याने लेस्टरहून लिव्हरपूलची पहिली व्यावसायिक सहल काढली, तेव्हा तो आधी स्वतः त्या वाटेने जाऊन आला, राहायच्या जागा पाहून आला आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. छापखान्याचा अनुभव असा कामी आला. तिकिटं इतकी झटपट संपली की लोकांनी ती दुप्पट भावाने विकली. म्हणजे तिकिटांचा काळाबाजारही सहलीइतकाच जुना!

मला स्वतःला त्याच्या आयुष्यातलं १८५१ हे साल सर्वांत आवडतं. लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते गिरणीतल्या मजुराने कसं पाहायचं? मजुरांनी गावोगाव मंडळं काढली, आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवले. आपल्या भिशीसारखंच. कुक आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन मेसन गावोगाव हिंडून लोक जमवत होते. रेल्वे कंपन्यांच्या चढाओढीत भाडं पाच शिलिंगपर्यंत उतरलं. दीड लाखाच्या आसपास माणसं कुकने लंडनला नेली आणि सुखरूप परत आणली. ज्यांच्या सात पिढ्यांनी तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्यांना देशाची राजधानी दिसली. हे काम मला त्याच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

त्यानंतर गाडी थांबलीच नाही. पॅरिस, स्वित्झर्लंड, इजिप्त, पॅलेस्टाइन. १८६८ पासून हॉटेलची कुपनं, म्हणजे आजचे व्हाउचर. १८७४ मध्ये प्रवासात ठिकठिकाणी वटवता येणाऱ्या हुंड्या, म्हणजे ट्रॅव्हलर्स चेकचा पूर्वज. घरातला पुरुष सोबत नसताना बाई परदेशी जाणं तेव्हा अशक्यच मानलं जाई, पण कुकच्या सहलींत बायका बिनधास्त येत. आज फक्त महिलांसाठी निघणाऱ्या सहलींच्या जाहिराती पाहिल्या की मला त्या लांब झग्यातल्या, बर्फात चालणाऱ्या बायका आठवतात.

सप्टेंबर १८७२ मध्ये वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कुक मोजक्या प्रवाशांना घेऊन जगाच्या प्रदक्षिणेला निघाला. २२२ दिवस! अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर, सिलोन आणि मग आपला हिंदुस्थान. १८८१ मध्ये मुंबईत कचेरी उघडली ती मुलाने, जॉन मेसनने. फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर थॉमस कुक बिल्डिंग आहे, तुमच्यापैकी अनेकजण तिच्यासमोरून गेले असतील.

मुंबईतलं या कंपनीचं एक काम फारसं कुणाला ठाऊक नसतं. हज यात्रेकरू तेव्हा मुंबईहून बोटीने जेद्दाला जात. दलाल लुबाडत, बोटींत माणसं कोंबली जात. १८८० मध्ये 'जेद्दा' नावाच्या बोटीवरचे गोरे अधिकारी जवळपास हजार यात्रेकरूंना वाऱ्यावर सोडून पळाले होते. बोट बुडाली नाही हे यात्रेकरूंचं नशीब, पण बोभाटा झाला. १८८६ मध्ये सरकारने हज प्रवासाची व्यवस्था कुक कंपनीकडे दिली. एका ख्रिस्ती उपदेशकाने उभारलेली कंपनी मुसलमान यात्रेकरूंची तिकिटं काढू लागली. काही वर्षांनी मात्र कंपनीने हात आखडता घेतला. गरीब यात्रेकरूंच्या तिकिटांत नफा नव्हता आणि जहाजमालकांशी स्पर्धा परवडत नव्हती.

तोवर म्हातारा कुक कारभारात राहिला नव्हता. बाप-लेकाचं कधीच पटलं नाही. वडील मिशनच्या कामाला पैसे देत, सहलीत धर्मकार्य मिसळत. मुलाला हिशेब चोख हवा, धंदा धंद्याच्या जागी हवा. १८७८ मध्ये वडील बाजूला झाले. मुलाचं चुकलं असं मला म्हणवत नाही, कंपनी जगभर पसरली ती त्याच्याच शिस्तीने. पण १८४१ साली मुलाचा हिशेब असता तर ती गाडी सुटलीच नसती, हेही खरं.

कुकची शेवटची वर्षं एकाकी गेली. १८८० मध्ये लाडकी लेक ॲनी न्हाणीघरातल्या नव्या गॅस बंबाच्या विषारी वायूने गेली. १८८४ मध्ये पत्नी मेरियन गेली, जिने लेस्टरला दारू न मिळणारं हॉटेल वर्षानुवर्षं चालवलं होतं. दृष्टीही गेली. १८९१ मध्ये कंपनीने पन्नाशी थाटात साजरी केली, तिथे थकलेला कुक नव्हता. १८ जुलै १८९२ ला लेस्टरमध्ये त्याने डोळे मिटले.

ब्रिटनमधली कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली आणि दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले, त्यांना सरकारने विमानांनी घरी आणलं. मुंबईतली थॉमस कुक इंडिया २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची होती. त्या आठवड्यात तिला ग्राहकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की नाव तेच असलं तरी आम्ही ते नव्हे, तुमची सहल ठरल्याप्रमाणे निघणार आहे.